पडद्यामागचं इंग्रजी

कुमी पुण्याला गेली तर माझं कसं होणार, या काळजीनं माझा डोळा लागत नसे. कूस बदलली की दुसरी काळजी तयार : आणि नाहीच गेली, तर तिचं कसं होणार? एका कुशीवर पहिली, दुसऱ्या कुशीवर दुसरी. उताणं पडावं, तर दोन्ही एकदम!

दिवसा मात्र याच काळजीचे किस्से होत. आमच्या भोरच्या आळीत तांदूळ निवडायला चार बायका बसल्या, की कुणीतरी म्हणणारच, "अहो, ते रावसाहेबांचं सांगा ना!" ते सांगावं, तर त्याचा पदर धरून पेरवांचं येतं, पेरवांच्या मागून गाढवाचं. मी मुलीला इंग्रजी शिकवायला निघाले होते. इंग्रजी किती साठलं देव जाणे, किस्से मात्र कणगीभर साठले.

आधी एवढं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पुण्यात मुलींची एक शाळा आहे. तिथं पहिल्यापासून इंग्रजी शिकवतात आणि परगावच्या लहान मुलींना ठेवूनही घेतात. पण घेण्याआधी तिथल्या मोठ्या बाई मुलीला समोर बसवून स्वतः इंग्रजीत प्रश्न विचारतात. आमच्याकडं मुलींना इंग्रजी शिकवायचं म्हणजे घरीच. आणि घरात इंग्रजी जाणणारी माणसं दोन. एक आमचे 'हे', संस्थानच्या कचेरीत कारकून. ते घरी आले की कोटाबरोबर इंग्रजीही खुंटीला टांगत. दुसरी मी. माहेरच्या शाळेत माझी इंग्रजीची दोन बुकं झाली होती. तिसरं हातात आलं आणि त्याच वैशाखात माझं लग्न झालं. त्या तिसऱ्या बुकाची पहिली चार पानंच तेवढी मी पाहिली आहेत. कुमीनं ते बुक पुरं करावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

एवढंच म्हणते खरी. पण त्या 'एवढंच'साठी सात वर्षांची पोर दूर पाठवायची होती.

* * *

सुरुवात रीतसर प्रायमरनं केली. पहिल्याच पानावर मांजरीचं चित्र. मी बोट ठेवून म्हटलं, "कॅट."

कुमीनं चित्र नीट पाहिलं. मग उठली आणि परसात जाऊन आमच्या खऱ्या मांजरीपुढं उभी राहिली. "कॅट! ए कॅट!" मांजरीनं कानसुद्धा हलवला नाही. मग कुमी हळूच म्हणाली, "मने." त्याबरोबर ती शेपूट उभारून पायाशी आली.

कुमी परत आली, पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आई, हिला येत नाही."

हिला म्हणजे कुणाला, हे विचारायचा मला धीर झाला नाही. दोन बुकं शिकलेल्या बाईला ते आपल्यालाच वाटतं!

* * *

त्या साली दिवाळीनंतर नदीकाठच्या मैदानात सिनेमाचा तंबू आला. तंबूच्या मधोमध पडदा. पुढं पुरुष, मागं बायका आणि मुलं. खेळ सुरू व्हायच्या आधी एक माणूस पडद्यावर पाणी मारून तो चिंब करी, म्हणजे चित्र आरपार उमटे आणि आम्हालाही दिसे. आवाजाचा कर्णा पडद्याच्या मागं, म्हणजे आमच्या कानाशीच! पुरुषांना चित्र चांगलं, आम्हाला आवाज चांगला, अशी वाटणी होती. पडद्यावरची अक्षरं आम्हाला उलटी दिसत. पण आमच्या बाजूला वाचता येणाऱ्या बायका किती? मी आपली एकटी मान वाकडी करून बसे.

देवादिकांची टॉकी सुरू होण्याआधी एक छोटा इंग्रजी खेळ दाखवत. माणसं नाहीत, नुसती काढलेली चित्रं. पण ती चालत, पडत, बोलत. तंबूवाल्याकडं असला खेळ एकच होता. रोज तोच.

त्यात एक गाढव पोस्टमन आणि एक लांब मानेची हंसीण. गाढव पत्रं वाटत हिंडतं आणि हंसीण त्याच्या मागं मागं. एक अस्वल झोपलेलं असतं, हंसीण "गुड मॉर्निंग!" म्हणते आणि बादलीभर पाणी त्याच्या तोंडावर ओतते. एक कोल्हा खिडकीतला केक उचलतो, "थँक्यू!" म्हणतो आणि पळतो. मग रस्त्याला दोन फाटे फुटतात, हंसीण ओरडते, "लेफ्ट! लेफ्ट!" गाढव वळतं आणि सरळ विहिरीत! शेवटी गाढव होडीत बसून वाहून जायला लागतं आणि हंसीण काठावरून हाका मारते, "कम बॅक! कम बॅक!"

पहिल्या रात्री घरी आल्यावर कुमीनं सगळा खेळ करून दाखवला. शब्द, हावभाव, पाणी, विहीर, सगळं! प्रायमरला महिनाभरात जमलं नव्हतं ते गाढवानं एका बैठकीत केलं होतं. मी ठरवलं, आपली शाळा हीच.

मग आम्ही मायलेकी वरचेवर तंबूत जायचो आणि गाढवाचा खेळ संपला की उठून घरी यायचो. दारावरचा माणूस दर वेळी हवालदिल व्हायचा. "बाई, निघालात कुठं? सिनेमा तर आत्ता सुरू होतोय!"

"आमचा झाला," मी म्हणायची.

शेजारच्या दुर्गाक्कांनी हे गावभर केलं. त्यांच्या मुलाला घरी शिकवायला मास्तर येत. एकदा आडावर सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "पोरीला गाढवाच्या शाळेत घातलंस म्हणे! आणि आई काय शिकते तिथं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र कळशी खाली ठेवायचंही भान राहिलं नाही, तशीच उभी राहिले. अक्का काही चूक बोलल्या नव्हत्या.

* * *

आता रावसाहेब. ते म्हणजे 'ह्यांच्या' कचेरीतले वरिष्ठ. एका रविवारी सकाळी आमच्याकडं चहाला आले. जरीकाठी उपरणं, डोक्याला पगडी, हातात काठी. आमचे 'हे' इतके घाबरले होते की दोनदा चहात साखर घालायला सांगून गेले.

मला वाटलं, हीच वेळ. कुमीला पुढं करून म्हटलं, "रावसाहेबांना गुड मॉर्निंग म्हण बाळ."

कुमी माझ्याकडं बघत राहिली. "खरंच म्हणू?"

"खरंच म्हण."

"रागावणार नाहीत?"

"अगं, उलट खूश होतील!"

कुमी आत गेली. मला वाटलं, लाजली. रावसाहेब डोळे मिटून आरामखुर्चीत टेकले होते. ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत भरलेला तांब्या होता. "गुड मॉर्निंग!" असं ती स्पष्ट, खणखणीत म्हणाली. उच्चारात खोट काढायला जागा नव्हती!

पगडी दोन दिवस आमच्याच दोरीवर वाळत होती.

रावसाहेब थोर मनाचे, एवढंच म्हणाले, "मुलगी शब्दाची पक्की आहे." आमचे 'हे' मात्र त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी पाटावर बसता बसता म्हणाले, "हात जोडतो. तिला गुड नाइट तेवढं शिकवू नकोस!"

* * *

शिवरे गावची पारू आमच्या आळीत भाजी-फळं घेऊन यायची. मोठी टोपली, त्याहून मोठा आवाज. तंबूत ती आमच्या शेजारी बसे, गाढव विहिरीत पडलं की रोज नव्यानं "आरं द्येवा!" म्हणे.

एके दिवशी ती दारात ओरडत आली. "वैनी, भाईर या! तुमची पोरगी बगा!"

"काय केलं तिनं?"

"थ्यांक्यू केलं!"

कुमीनं टोपलीतला पेरू उचलला होता, पारूच्या तोंडाकडं बघून "थँक्यू" म्हणाली होती आणि कोल्ह्यासारखी कंबर वाकवून पळाली होती. मी धरून आणली, कान पिळला, समजावलं की अगं, कुणी आपण होऊन काही दिलं, तर थँक्यू म्हणायचं असतं.

"पण कोल्ह्याला कुणी दिलं होतं?" कुमी म्हणाली.

पारूनं तिला पेरू दिला, माझ्याकडं पाहून डोळे मिचकावले आणि गेली.

पुढं चार दिवसांनी दुर्गाक्कांच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. बोक्यानं दुधाचं पातेलं साफ केलं होतं. पारू पायरीवरून त्यांची समजूत घालत होती, "जाऊ द्या अक्का, बोकाच त्यो! दूध दिसलं का थ्यांक्यू करायचाच!"

तेव्हापासून आमच्या आळीत चोरी होत नाही. थँक्यू होतं. बोका करतो, उंदीर करतो, आणि वाळत घातलेले पापड घेऊन कावळाही करतो. आळीनं एक इंग्रजी शब्द शिकला, त्याचं श्रेय माझं. पुण्याच्या मोठ्या बाई कुमीला खाऊ देऊन थँक्यू म्हणायला सांगणार, हे डोळ्यांपुढं आणून मी त्या रात्री देवापाशी बसले होते, ते मात्र आळीत कुणाला ठाऊक नाही.

* * *

आता लेफ्ट.

मला शाळेत शिकवलं होतं, लेफ्ट म्हणजे डावा. पक्कं शिकवलं होतं, छडी घेऊन. पण तंबूत हंसीण "लेफ्ट! लेफ्ट!" ओरडे आणि गाढव उजवीकडं वळे. एकदा नाही, रोज! कुमी त्याबरोबर उजवा हात वर करून ओरडे, "लेफ्ट!"

पहिल्यांदा मी तिला दुरुस्त केलं. ती म्हणाली, "मग गाढव तिकडं का गेलं?"

मी विचारात पडले. आमच्या मास्तरणींनी साहेब कधी पाहिला नव्हता. मी दोन बुकांची धनीण. आणि इथं प्रत्यक्ष विलायतेतून आलेली हंसीण सांगतेय! माझंच चुकत असणार. नेहमी माझंच चुकत असतं.

तरी ह्यांना विचारलं. हे पडद्याच्या पुढं बसत.

"अहो, हंसीण लेफ्ट म्हणते तेव्हा गाढव कुणीकडं वळतं?"

"डावीकडं. लेफ्ट म्हणजे डावंच."

"मी रोज बघते. उजवीकडं वळतं."

"तुला डावं-उजवं कळत नाही."

"तुम्ही बघताना पेंगत असाल!"

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी हे मुद्दाम जागे राहून बघून आले. "डावीकडं!" मीही बघून आले. "उजवीकडं!" नवरा-बायकोंनी एकाच रात्री, एकाच तंबूत, एकच गाढव पाहिलं होतं. अक्षरं उलटी दिसतात हे मला ठाऊक होतं हो. पण गाढवही उलटं दिसत असेल, हे डोक्यातच आलं नाही!

शेवटी मी हार मानली ती ह्यांच्यापुढं नव्हे, हंसिणीपुढं. कुमीला सांगितलं, "तुझंच बरोबर. लेफ्ट म्हणजे उजवा." आणि तिनं घोकून पाठ केलं.

* * *

गाढवाचा खेळ शेवटपर्यंत कुणीच पाहिलेला नाही. होडी वाहून जाऊ लागते, हंसीण काठावरून धावते, "कम बॅक! कम बॅक!" आणि त्याच जागी फट् करून रीळ तुटे. रोज. तिथं ते इतक्यांदा चिकटवलेलं होतं की पुढं जायचं नावच घेत नसे. बत्ती लागे, पुरुष शिट्या मारत, ऑपरेटर आतून ओरडे, "झालं, झालं, बसा!" आणि टॉकी सुरू होई.

त्यामुळं गाढवाचं पुढं काय झालं, हा आमच्या पडद्यामागचा कायमचा वाद. दुर्गाक्का म्हणत, "बुडालं. दुसरं काय होणार!" मी म्हणे, आलं असेल परत, इंग्रजी गोष्टी गोड होतात. पारूनं एकदा ऑपरेटरलाच गाठलं.

"दादा, त्या गाढवाचं फुडं काय झालं ओ?"

"म्या बी न्हाई बगितलं," ऑपरेटर म्हणाला.

"आन् तुमी रोज दावताय!"

घरी येताना कुमी माझा हात धरून चालत होती. मधेच म्हणाली, "हंसीण हाक मारते म्हणून ते येत नाही."

"असं कसं? हाक मारते, ती यावं म्हणूनच ना?"

"नाही. ती ओरडली नसती, तर ते येताना दिसलं असतं."

मी म्हटलं, काहीतरीच! आणि भाकरीला पीठ आहे का, याचा विचार करू लागले. 

* * *

चैत्रात तंबू वेल्ह्याला गेला, तिथल्या जत्रेसाठी. आणि मोठ्या बाईंनी कुमीला बघायला बोलावलं ते नेमकं त्याच्या पुढच्या आठवड्यात. एवढ्या दिवसांची शाळा आणि परीक्षेच्या तोंडावर मास्तर गायब!

पारूचं माहेर वेल्ह्याजवळच्या गुंजवण्याला. ती जत्रेला निघालीच होती. म्हणाली, "चला की वैनी, माज्या भावाची गाडी हाय." हे कपाळाला हात लावून म्हणाले, "गाढवाची उजळणी करायला डोंगर ओलांडणार?" पण अडवलं नाही.

बैलगाडीनं हाडं खिळखिळी झाली. कुमी वाटेत शब्द घोकत होती आणि पारूचा भाऊ तेच शब्द बैलांना म्हणत होता. "लेफ्ट" म्हटल्यावर बैल कुठंच वळले नाहीत. तेवढेच शहाणे.

वेल्ह्याला सपाट जागेची टंचाई. तंबूची मागची कड डोंगराच्या उताराला भिडलेली, पडद्यामागं माणूस बसायला जागाच नाही. म्हणून बायकांनाही पुढंच बसवलं, मधे दोर बांधून. जन्मात पहिल्यांदा मी पडद्याच्या पुढं बसले होते. अक्षरं सुलटी दिसली, तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. नीट वाचता येत होती!

अस्वल भिजलं. कोल्हा पळाला. रस्त्याला फाटे फुटले. "लेफ्ट! लेफ्ट!" गाढव वळलं.

कुमी उभी राहिली आणि भरल्या तंबूत ओरडली, "आई! गाढव चुकलं!"

सगळा तंबू हसला. मी हसले नाही. डोक्यात एकदम सगळं लखलखीत झालं : पडदा, पाणी, मागची बाजू, आणि दोन दिवसांचा तो अबोला. मी माझ्या पोरीला एक अख्खी दिशा उलटी शिकवली होती, आणि परीक्षा आठवड्यावर होती. मागून बघून बघून आणखी काय काय उलटं शिकवलं असेल?

बाहेर आल्यावर मी गाडीच्या चाकापाशी बसून रडले. पारूनं आधी रडू दिलं, मग म्हणाली, "गप ऱ्हावा वैनी. त्ये हिकडं गेलं काय नि तिकडं गेलं काय, शेवटाला हिरीतच पडलं नव्हं? मग झालं की!"

तिनं समजूत घातली होती. मला तर त्यानं आणखीच रडू आलं.

तेव्हापासून कुमीचा माझ्यावरचा भरवसा उडाला. लेफ्ट म्हणजे डावा, हे पुन्हा शिकवलं, तर म्हणाली, "हे पुढून की मागून?" मग तिनं प्रत्येक शब्दाला तेच विचारायला सुरुवात केली. "वॉटर म्हणजे पाणी, हे पुढून की मागून?" "मदर म्हणजे आई, हे पुढून?" रात्री मी पुन्हा कूस बदलत पडले. आता दोन काळज्या नव्हत्या, एकच होती. हिला घेणार नाहीत, आणि ते माझ्यामुळं.

* * *

आता शेवटचं. हे मी आळीत फारसं सांगत नाही.

सर्व्हिस मोटारीनं आम्ही पुण्याला गेलो. ह्यांना रजा मिळाली नाही, म्हणून मी आणि कुमी दोघीच. तिची छोटी ट्रंक बरोबर घेतली होती, कारण घेतलं तर त्याच दिवशी ठेवून यायचं होतं. मोटारीत मी सारखी त्या ट्रंकेवर हात ठेवून बसले होते. परत आणावी लागेल म्हणून जीव तुटत होता की परत आणता येणार नाही म्हणून, मलाच उमगत नव्हतं.

मोठ्या बाई उंच, पांढऱ्या पातळातल्या, चष्म्यातून बघणाऱ्या. आम्ही आत गेल्याबरोबर हसून म्हणाल्या, "गुड मॉर्निंग!"

कुमीनं दोन्ही हात डोक्यावर धरले आणि डोळे गच्च मिटून घेतले.

बाई माझ्याकडं बघू लागल्या. मी खाली बघू लागले. पाणी पडत नाही असं पाहून कुमीनं हळूच एक डोळा उघडला.

बाईंनी नाव विचारलं, ते तिनं नीट सांगितलं. गाव सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "शो मी युवर लेफ्ट हँड."

कुमीनं हात उचललाच नाही. तिनं बाईंकडं पाहिलं, बाईंच्या मागच्या भिंतीकडं पाहिलं. मग उठून टेबलाला वळसा घालून बाईंच्या खुर्चीच्या मागं डोकावून आली. परत बाकावर बसून अगदी आदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही पडद्याच्या पुढं बसता की मागं?"

झालं, मी मनात म्हटलं. आणि बाईंनी काही विचारायच्या आत मीच भडाभडा सगळं सांगून टाकलं : तंबू, ओला पडदा, गाढव, हंसीण, वेल्हे. सांगता सांगता माझं मलाच ऐकू येत होतं, की असली आई असलेली मुलगी कोण ठेवून घेईल!

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग खुर्चीतून उठल्या, टेबलाच्या अलीकडं आल्या आणि बाकावर कुमीच्या शेजारी तिच्या खांद्याला खांदा लावून बसल्या. भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "आता आपण दोघी एकाच बाजूला. आता दाखव."

कुमीनं डावा हात वर केला.

"हिची ट्रंक आत न्या," बाईंनी शिपाईणीला सांगितलं.

असं ते झालं. मी एवढे दिवस ज्याच्यासाठी जीव काढला, ते एका वाक्यात झालं, आणि ट्रंक माझ्या हाताखालून उचलली गेली.

तिसऱ्या प्रहरी बाई आणि कुमी मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. मोटारीची वेळ झाली होती. कुमीनं शाळेतल्या इतर मुलींसारख्या दोन वेण्या घातल्या होत्या. त्या मी घातलेल्या नव्हत्या. ती रडत नव्हती. रडली असती तर मला निदान समजूत घालता आली असती.

बाई म्हणाल्या, "अहो, इंग्रजीत काहीतरी बोला की तिच्याशी. पोरीला हुरूप येईल."

मी दोन बुकं आठवली. तिसऱ्याची चार पानं आठवली. सगळी कोरी. दिवाळीला लवकर घरी ये, असं काहीतरी म्हणायचं होतं. इंग्रजीतले दोनच शब्द माझ्याजवळ उरले होते. मी वाकून तिचा हात धरला आणि म्हटलं, "कम बॅक, कुमे."

तिनं हात सोडवून घेतला आणि माझ्या तोंडावर ठेवला.

"आई, ते नको म्हणूस," ती म्हणाली. "ते म्हटलं की रीळ तुटतं."